एकसष्ट निळी माणसं

३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार पुरायचा नाही, लोटांगणच घालते. तुझं डिसेंबरचं पत्र दोन महिने माझ्या पिशवीत नुसतं फिरतंय. आधी म्हटलं, नीट टेबल मिळालं की उत्तर लिहू. टेबल मिळालं तर पेन संपलेलं. पेन आणलं तोवर मी ती खोलीच सोडली. मला भिंगरी म्हणता ते काही उगाच नाही, असं मामी म्हणेल, म्हणू दे. पण खरं सांगू का, आळस हे अर्धंच कारण आहे. उरलेलं अर्धं असं की तू मला काहीतरी शिकवायला सांगितलंस. आजवर तू शिकवायचं आणि मी अर्ध्यावर पळून जायचं, असं आपलं छान चाललं होतं. उलटं झालं आणि मला घाम फुटला.

हल्ली मी एका मोठ्या तळ्याच्या काठी, होड्या दुरुस्त करतात त्या आवारात कामाला आहे. जुना रंग खरवडायचा, पॉलिश पेपर मारायचा, नवा रंग द्यायचा. फोन पहिल्याच आठवड्यात टर्पेंटाइनच्या डब्यात पडला. तसाही तुला फोनवर ऐकू येत नाही, त्यामुळे आपलं काही अडलेलं नाही. जागा इतकी सुंदर आहे की तुला ये म्हणावंसं वाटतं, पण तू स्टुडिओ सोडून रस्त्याच्या टोकापर्यंत जात नाहीस हे मला माहीत आहे.

बरं, तुझा प्रश्न. नवा कॅमेरा प्रत्येक फोटो दोनदा का देतो, एक जड आणि एक हलका, आणि कॉम्प्युटरवर त्यांचं करायचं काय. कॅमेरा तसा मीच लावून दिला होता, मागच्या खेपेला आले होते तेव्हा. फोटो लॅबमध्ये तीन महिने टिकले तेवढ्यात जे कळलं ते सांगते. तीन गोष्टी आहेत.

पहिली. जड फाइल म्हणजे रॉ. ती तुझी निगेटिव्ह समज. भिंगातून जेवढा उजेड आत आला तो सगळा तिच्यात आहे, न आवरलेला, न नटवलेला. म्हणून उघडली की मरगळलेली दिसते, आजारातून उठल्यासारखी. तिला घाबरायचं नाही. हलकी ती जेपेग. ती कॅमेऱ्याने आपल्या अकलेने काढून दिलेली प्रिंट. दिसते छान, पण त्याला जे नको वाटलं ते त्याने वाटेतच फेकून दिलेलं असतं. त्यामुळे काम करायचं ते जडीवर.

दुसरी. आधी पांढरं ठरवायचं, मग बाकीचं. एक थंड-गरम असा स्लायडर असतो. डावीकडे ओढला की फोटो निळा होत जातो, उजवीकडे ओढला की पिवळा. फोटोत जे खरोखर पांढरं आहे ते पांढरं दिसेपर्यंत ओढायचा. उजेड, सावल्या हे सगळं नंतर. आधी तोंड धुवायचं, मग पावडर, असं तूच गिऱ्हाइकांना सांगायचास ना.

तिसरी, आणि ही सगळ्यात महत्त्वाची, ही विसरलास तर

थांब, मालक हाका मारतोय.

आले. मामा, एक म्हातारा नावाडी त्याची मोठी होडी घेऊन आलाय. म्हणतो, मला पहिल्यासारखी निळी करून द्या. आम्ही म्हटलं, निळी कुठे, ही तर हिरवी आहे. तो म्हणाला, खरवडा. खरवडत गेलो तर हिरव्याखाली लाल, लालाखाली पांढरा, असे सात रंग निघाले आणि अगदी तळाशी, लाकडाला चिकटून, निळा. नखाएवढाच दिसला, पण काय निळा होता. आम्ही चौघं ते नखभर बघत उभे राहिलो, मालक ओरडेपर्यंत.

पोस्ट बंद व्हायची वेळ झाली, आता पळते. मामीला सांग, मी जेवते.

तुझी,
भिंगरी

ता. क. तुझी रोलची डबी मिळाली. जपून ठेवली आहे.

१३ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

आशीर्वाद, जेवढे दोन महिन्यांत साठले तेवढे सगळे.

तिसरी गोष्ट कुठे आहे? मी पत्र उलटं करून पाहिलं, पाकिटात बोट घालून पाहिलं. मामी म्हणाली, ती होडीत बसून निघून गेली.

तुझ्या पत्राची वाट बघायला मला वेळ नव्हता, कारण हातात काम मोठं आहे. मागच्या रस्त्यावरची बेकरी बंद होतेय. मालक थकला, मुलांना रस नाही. त्याने मला बोलावून सांगितलं की प्रत्येक कामगाराचा त्याच्या त्याच्या यंत्रापाशी एक फोटो हवा. तीस मार्चला निरोपाचा कार्यक्रम आहे, तिथे ज्याचा त्याला फ्रेम करून द्यायचा. एकसष्ट माणसं. मळायच्या यंत्रापाशी, भट्टीपाशी, पॅकिंगच्या टेबलापाशी, आठवडाभर उभा राहून मी ते डिसेंबरात काढले. काही जण तिथे तीस-तीस वर्षं आहेत आणि त्यांचा कामावरचा एकही फोटो नाही. मार्च लागला की यंत्रं भंगारात जाणार. म्हणजे पुन्हा काढायची सोय नाही.

कॉम्प्युटरवर कसं झालं ते ऐक. जड फाइल उघडली की तो धापा टाकतो. तुझं पत्र आलं तोवर मी हलक्या फाइलींवरच काम सुरू केलं होतं, मग तसंच पुरं केलं. कॅमेऱ्याच्या अकलेबद्दल मात्र तुझं पटलं. सगळं पिवळट देतो. मैद्याची गोणी बघावी तर हळदीची वाटावी. स्लायडर डावीकडे नेला, आणखी डावीकडे नेला, तेव्हा कुठे पीठ पिठासारखं दिसलं. शेवटी कॉम्प्युटरने विचारलं, जुन्या फाइलच्या जागी ही ठेवू का? इतक्या अदबीने विचारतो तर नाही कशाला म्हणायचं. एकसष्ट वेळा हो म्हटलं. तुझी तिसरी गोष्ट बहुतेक हीच असावी.

मग जागा संपल्याची पाटी आली, म्हणून जड फाइली इथून काढून टाकल्या. आपला नियम तुला माहीत आहेच. निगेटिव्ह आणि प्रिंट एका छपराखाली ठेवायच्या नाहीत. शेजारच्या दुकानाला आग लागली त्या वर्षी बंबाच्या पाण्याने स्टुडिओतलं सगळं लगद्यासारखं झालं, आणि वाचल्या त्या फक्त तुझ्या आईच्या कपाटातल्या निगेटिव्ह. तुझ्या आईने घर लहान केलं, कपाट गेलं, म्हणून आता तू. डिसेंबरच्या डबीत बेकरीच्या फोटोंचं मेमरी कार्ड आहे, जड-हलकं सगळं, कॅमेऱ्यातून निघालं तसं. वेगळं लिहिलं नाही, कारण रोलची डबी आली म्हणजे काय ते तुला लहानपणापासून माहीत आहे.

सोबत भट्टीच्या मुकादमाचा फोटो पाठवतोय. कसा झालाय ते स्पष्ट सांग. बाकीच्या प्रिंट काढायला लॅबकडे दिल्या आहेत.

तुझा,
मामा

भिंगरी, मी मामी. पत्र बंद करायच्या आधी दोन ओळी घुसवते. हे हल्ली भरदुपारी दोन-दोन दिवे लावून बसतात. काल पलंगावरची पांढरी चादर नीट धुतली नाही म्हणून माझ्याशी भांडले. चादर कोरी आहे, परवाच आणली. तू मामांना काय शिकवते आहेस?

२४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

यावेळी बघ, लगेच लिहायला बसले.

मुकादमांचा फोटो मिळाला. छान आहे. म्हणजे उभे छान राहिलेत, हात कमरेवर, जशी काही भट्टी त्यांनीच घरी बांधली. फोटो थोडा थंड वाटतो. पहाटेचा काढलास का? तिथे ट्यूबलाइट होती का? उगाच विचारते. माझं ते आधीचं पत्र सापडलं तर जरा बघशील का, मी डावं-उजवं बरोबर लिहिलंय ना? घाईत मी उलटसुलट लिहिते, तुला माहीत आहे.

आणि ती तिसरी गोष्ट. ती आता सांगून काय उपयोग, पण सांगते. मूळ फाइलवर कधीही सेव्ह करायचं नाही. नवं नाव द्यायचं, नवी फाइल करायची, मूळ तशीच राहू द्यायची. जेपेगवर एकदा बदल करून तिच्याच जागी ठेवलं की आधीचं गेलं, आणि पुन्हा पुन्हा सेव्ह करशील तशी ती झिजत जाते, धुऊन धुऊन विरलेल्या शर्टासारखी. रॉचं तसं नाही. तिच्यावर तू वाटेल ते कर, सॉफ्टवेअर तिला हात लावत नाही. तू काय काय सांगितलंस त्याची एक चिठ्ठी तेवढी शेजारी ठेवतो. चिठ्ठी फाडली की रॉ पुन्हा पहिल्यासारखी. म्हणून मी म्हटलं होतं, काम जडीवर करायचं.

हे मी पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. होडी आडवी आली.

लॅबला सांग, सगळ्या प्रिंट एकदम काढू नका. जरा थांबा म्हणावं. उगाच आपलं, सावधगिरी म्हणून.

डबीची काळजी करू नकोस. इथेच कुठेतरी आहे.

इकडे होडीला पुट्टी भरून झाली. निळा अजून जुळत नाही. मालकाने तीन वेळा मिसळला, नावाडी तिन्ही वेळा मान हलवून घरी गेला.

भिंगरी

६ मार्च

चि. भिंगरी,

हे पत्र मी, मामी, लिहिते आहे. तुझे मामा शेजारी काळा चष्मा लावून बसलेत आणि सांगताहेत. मध्ये मध्ये मी माझंही घालीन, ते तू ओळखशील.

लिही: तुझं ‘थांबा’ पोचायच्या आधीच प्रिंट आल्या होत्या. मुकादम बघायला आला. टेबलावर सगळ्या मांडल्या. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला आणि म्हणाला, “फोटोवाले, आम्ही जन्मभर पाव भाजले. बुडालो कधी?”

मला हसू आलं. ह्यांना नाही आलं. हे म्हणाले, काय वाईट आहे त्यात, पांढरं पांढरं दिसतंय. मुकादम माझ्याकडे बघायला लागला. पॅकिंगमधली बाई सोबत आली होती, तिने हळूच विचारलं, वहिनी, माझे ओठ असे जांभळे का? तेव्हा मला ती चादर आठवली. दुसऱ्या दिवशी ह्यांना धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं तरी हे गृहस्थ चहाच्या ग्लासातून जग बघताहेत. आणि ह्यांनी ते लपवलं. रंगाची नजर गेली म्हटलं तर फोटो काढायला कोण बोलावेल, म्हणून.

एवढं लिहायची गरज नाही. लिही: परवा उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काल पट्टी काढली.

पट्टी काढल्यावर हे पहिलं काय म्हणाले सांगू? “चादर पांढरी आहे.” मी म्हटलं, मग माफी मागा. मागितली. मग प्रिंट बघितल्या आणि खुर्चीत बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

लिही: एकसष्ट माणसं निळी केली मी. कॉम्प्युटरवर मामीला स्लायडर उलटा ओढायला लावला. निळं जातं, पण चेहरे मातीचे होतात, गालांवर ठिगळं दिसतात. जे मी फेकलं ते परत येत नाही. सोमवारी तीन ट्रक आले आणि यंत्रं गेली. आता मुकादम भट्टीपाशी उभा राहू शकत नाही, कारण भट्टी नाही. डबी पाठव. मिळेल त्या पहिल्या टपालाने पाठव.

इथून पुढचं मी मामांना वाचून दाखवलेलं नाही. त्यांनी कॅमेरा खोक्यात घालून वर सुतळी बांधली आहे. स्टुडिओची पाटी उतरवायला रंगाऱ्याला बोलवा म्हणाले. मी म्हटलं, तीस तारखेनंतर बघू. तोवरची मुदत मी मिळवली आहे. पुढचं तुझ्या हातात आहे, भिंगरी.

मामी

१० मार्च

मामा, मामी,

मामी, हे आधी तू एकटी वाच आणि मग ठरव.

डबी माझ्याकडे नाही. ‘जपून ठेवली आहे’ लिहिलं तेव्हा मला खरंच वाटत होतं की ती पिशवीच्या तळाशी असेल. ‘इथेच कुठेतरी’ लिहिलं तेव्हा पिशवी दोनदा उलटी करून झाली होती. उघडूनसुद्धा बघितली नव्हती मी ती. मला वाटलं होतं, मामाने जुन्या सवयीने काहीतरी ठेवायला पाठवलं असेल, बघू निवांत.

होडीच्या आवारात येण्याआधी मी एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत राहत होते. तिथे नसली तर मला माहीत नाही. आज दुपारच्या बसने निघते. मालकाने सुट्टी दिली नाही, मी घेतली.

पुढचं पत्र मिळेपर्यंत पाटीला हात लावू नका.

भिंगरी

१२ मार्च

मामा,

सापडली. आधी हे वाच, मग पाणी पी, मग पुढचं वाच.

मी घरमालकीण काकूंच्या दारात उभी राहिले तेव्हा त्या म्हणाल्या, “भाडं जास्त दिलंस तू, ते न्यायला आलीस का?” मी म्हटलं, काकू, काळी छोटी डबी, करड्या झाकणाची, खिडकीत राहिली असेल. काकू म्हणाल्या, खिडकीत आता काही नाही. नवा भाडेकरू कामावर गेलेला, तरी त्यांनी खोली उघडून दिली. मी पलंगाखाली शिरले, कपाटाच्या मागे हात घातला, एक मोजा सापडला, तोही माझाच. मी तिथेच जमिनीवर बसले. काकूंना वाटलं, उपाशी आहे. त्या खाली घेऊन गेल्या, समोर चहा ठेवला आणि स्वतः एका ग्राहकाच्या शर्टाला बटण लावायला बसल्या.

बटण त्यांनी कशातून काढलं असेल?

मी म्हटलं, काकू, ही डबी. काकू म्हणाल्या, “ही होय? ही माझी बटणांची डबी आहे. खिडकीत पडलेली मिळाली, घट्ट झाकणाची, म्हटलं कामाची आहे.” मी टेबलावर ओतली. पांढरी, तपकिरी, कोटाची, फ्रॉकची, चाळीसेक बटणं, आणि सगळ्यांत शेवटी ते. काकूंनी ते दोन बोटांत धरून उजेडात बघितलं. “हे निकामी आहे. चौकोनी, आणि भोकंच नाहीत. फेकणार होते, मग म्हटलं राहू दे, कुणाच्या तरी फॅशनच्या कोटाचं असेल, परत मागायला येतील.” मी त्यांना मिठी मारली. सुई मला लागली, पण कुणाला पर्वा होती.

कार्ड चालतंय का, हा प्रश्न उरलाच होता. कोपऱ्यावर एक बाई फोटोकॉपीचं दुकान चालवतात. त्यांनी आपला कॉम्प्युटर दिला, तासाभरापुरता. कार्ड घातलं. दोन मिनिटं काहीच नाही, नुसतं चाक फिरतंय. आणि मग आले, मामा. रांगेने सगळे. एकसष्ट जड, एकसष्ट हलके, तू काढलेस तसे. दोनदा मोजले. बाईंनी तिसऱ्यांदा मोजले, त्यांनाही चैन पडेना.

मुकादमांची रॉ उघडली. फिकट, मरगळलेली, जशी असायला हवी तशी. स्लायडरच्या शेजारी एक ड्रॉपर असतो, औषधाच्या थेंबनळीचं चित्र. तो घेऊन फोटोतल्या खरोखर पांढऱ्या वस्तूवर टेकवायचा, बाकीचं तो स्वतः जुळवतो. म्हणजे तुझ्या डोळ्यांवरही सोडायचं नाही आणि माझ्याही. मुकादमांच्या मागे मैद्याची गोणी आहे. तिच्यावर टेकवला आणि माणूस बुडता बुडता वर आला. कपाळ भट्टीच्या धगीने तांबूस झालंय, हातावर भाजल्याचा जुना डाग आहे. निळ्या फोटोत तो डाग दिसतच नव्हता.

बाकीचे साठ मी केले नाहीत. वेळ होता, पण केले नाहीत. ते तुझे आहेत. एकाला लावलेलं बाकीच्यांना जसंच्या तसं लावता येतं, कॉपी-पेस्ट. पण भट्टीकडच्यांचा एक गट कर आणि खिडकीकडच्यांचा दुसरा, कारण उजेड वेगळा आहे. सगळं रॉवर. झालं की नव्या नावाने जेपेग काढ. तिसरी गोष्ट लक्षात ठेव. ती मी आता हातावर गोंदवून घेणार आहे.

कार्ड रजिस्टर पोस्टाने पाठवते आहे. दुसऱ्या कार्डावर त्याची एक नक्कल करून काकूंच्या डबीत ठेवली, बटणांसकट. त्या म्हणाल्या, राहू दे, जागा किती लागते. म्हणजे निगेटिव्ह एका छपराखाली, प्रिंट दुसऱ्या. नियम पाळला.

आणखी एक. मुकादमांचा निळा फोटो बघितल्याबरोबर मला कळलं होतं, पण मला वाटलं मीच डावं-उजवं उलटं लिहिलं असणार. म्हणून थंड, पहाट असं काहीबाही लिहिलं. तुला मोतीबिंदू आहे हे ऐकून मला आधी हायसं वाटलं आणि मग वाईट वाटलं. हा क्रम बरोबर नाही. पण तू तुझं लपवलंस, मी माझं, तर फिट्टंफाट.

आता सुतळी सोड. मामीने सांगितलं मला.

भिंगरी

३१ मार्च

चि. भिंगरी,

कार्ड सतरा तारखेला पोचलं. पोस्टमनच्या समोरच मामी मटकन पायरीवर बसली. तो बिचारा विचारतो, वाईट बातमी आहे का. ती म्हणाली, नाही हो, जीव भांड्यात पडला, त्याचा आवाज झाला.

सुतळी सोडली. आधी कॅमेऱ्याची, मग जिभेची. तुझ्या मामीची मी आणखी एकदा माफी मागितली, चादरीची नाही, दोन वर्षांच्या लपवाछपवीची.

एकसष्ट फोटो मी बारा दिवसांत केले. डावा डोळा झाकून, उजव्याने. आधी ड्रॉपर, मग उजेड, मग सावल्या. जड फाइल उघडताना कॉम्प्युटर धापा टाकतो तेवढ्यात मी चहा पितो, आता आमचं जमलंय. आणि जड फाइलीत सगळा उजेड असतो, हे तू म्हणालीस ते खरं निघालं. खिडकीकडच्या फोटोंत मला बाहेरचं आकाश नुसतं पांढरं फटक दिसत होतं. रॉवर उजेडाचा स्लायडर जरा खाली आणला तर तिथे समोरच्या इमारतीचा जिना आणि वाळत घातलेले कपडे निघाले. चाळीस वर्षं निगेटिव्हवर दुरुस्तीची पेन्सिल चालवली, पण असं गेलेलं परत येताना पाहिलं नव्हतं. एक फोटो तर मी तीनदा बिघडवला, मुद्दाम. तिन्ही वेळा चिठ्ठी फाडली आणि तो पुन्हा पहिल्यासारखा. पोरकटपणा आहे, पण मजा आली.

काल कार्यक्रम झाला. रिकाम्या बेकरीतच. जमिनीवर यंत्रांच्या पायांच्या खुणा होत्या, लोक आपापल्या खुणेपाशी जाऊन उभे राहिले, कुणी सांगितलं नव्हतं. मालकाने एकेकाला बोलावून फ्रेम दिली. मुकादमाने आपला फोटो हातात घेतला आणि उजेडाकडे तिरका धरून पाहिला. मग म्हणाला, “माझ्या भुवईवर पीठ होतं, फोटोवाले. सांगायचं नाही का?” मी म्हटलं, मला तेव्हा दिसलं नव्हतं. तो म्हणाला, “राहू दे. ते रोजच असायचं.” आणि फ्रेम शर्टाने पुसून काखेत मारली.

पॅकिंगमधल्या बाईने निळी प्रिंटही मागून नेली. म्हणाली, नातीला सांगेन, एकदा मी पाण्याखाली काम करायची. मग सगळ्यांनाच हव्या झाल्या. माझी एकही निळी प्रिंट उरली नाही. एवढा खप चांगल्या कामाचा कधी झाला नव्हता.

पाटी आहे तिथे आहे. रंगारी येऊन गेला, त्याच्याकडून ती फक्त पुसून घेतली.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. डावा डोळा जूनमध्ये करणार. तोवर माझ्याकडे दोन जगं आहेत. उजवा झाकला की सगळं चहात बुडवल्यासारखं. डावा झाकला की सगळं धुतलेलं, जरा जास्तच निळं. डॉक्टर म्हणतात, होईल सवय. पण खरा निळा कुठला, हे मी विसरलोय, भिंगरी, आणि इथे विचारायला कुणी नाही. तुझ्या होडीचा निळा जुळला का? तू लिहितेस ‘काय निळा होता’. त्यावरून माणसाने काय समजायचं? नमुना पाठव.

तुझा,
मामा

भिंगरी, ह्यांनी बाजारातून खांद्याला लावायची नवी पिशवी आणली आहे. कशाला, विचारलं तर ऐकू येत नसल्यासारखं करतात. एरवी माझं सगळं ऐकू येतं. मामी.

९ एप्रिल

प्रिय मामा,

तुझं पत्र काल मिळालं, आणि आज मी उत्तर लिहिते आहे, ह्याची कुठेतरी नोंद करून ठेव. पत्र मी होडीच्या सावलीत बसून मोठ्याने वाचलं. भुवईवरच्या पिठापाशी आले तेव्हा आमच्या मालकाने पत्रा ठोकायचं थांबवलं आणि म्हणाला, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. मला त्या बारा मार्चनंतर पहिल्यांदाच इतकी गाढ झोप लागली की सकाळी आवारातल्या कुत्र्याने उठवलं.

सुट्टी न विचारता गेले म्हणून काढून टाकतील असं वाटलं होतं. परत आले तेव्हा मालक म्हणाला, ‘मिळालं का?’ मी ‘हो’ म्हटलं, तर त्याने हातात ब्रश दिला. विषय संपला.

निळा जुळला, मामा. गंमत अशी की आम्ही तो डब्यात जुळवत बसलो होतो आणि नावाडी मान हलवत होता. शेवटी मी म्हटलं, त्या नखभर जागेच्या शेजारीच लावून बघू, लाकडावर, बाहेर, उन्हात. तू प्रिंट अंधाऱ्या खोलीतून बाहेर ओसरीवर आणून बघायचास तसं. चौथ्या वेळी नावाडी होडीला हात टेकून उभाच राहिला. कालपासून सगळी होडी त्या रंगात आहे. अजून ओली आहे.

तुला नमुना म्हणून पुठ्ठ्यावर एक हात मारून वाळत ठेवलाय. पण वाळला की तो जरा गडद होतो, आणि पुठ्ठा काही लाकूड नाही, तेव्हा मला वाटतं की

थांब. फाटकातून कुणीतरी आत आलंय. गिऱ्हाईक असेल, मालक बघेल.

मालक दिसत नाही. तो माणूस सरळ होडीपाशी गेलाय. हात लावू नका, ओली आहे, असं ओरडले, पण ऐकू गेलं नाही. हात लावत नाहीये तो. नुसता उभा आहे. आता त्याने डावा डोळा तळहाताने झाकला. आता तो काढून उजवा झाकला. आता पुन्हा डावा.

खांद्याला कोरी पिशवी आहे, आणि गळ्यात कॅमेरा.

मामा, हे पत्र मी आता टाकू कुठे?